विश्लेषण : ‘पेटंट ट्रोल’ म्हणजे काय? छोटे ॲप डेव्हलपर त्यांच्या तावडीत कसे सापडतात?

मे २०११ मधली गोष्ट. ‘पीकॅल्क लाइट’ नावाचे आयफोनवरचे कॅल्क्युलेटर ॲप बनवणाऱ्या एका स्कॉटिश डेव्हलपरला कुरिअरने पाकीट आले. त्याचे ॲप मोफत होते, जास्तीच्या सोयी हव्या असतील तर ॲपमधूनच थोडे पैसे भरून त्या घेता येत. पाकिटातल्या पत्रात लिहिले होते, की ‘ॲपमधूनच खरेदी’ ही सोय आमच्या पेटंटचे उल्लंघन आहे. परवाना घ्यायला मुदत २१ दिवस. त्याच सुमारास आणखी काही छोट्या डेव्हलपरना अशीच पत्रे मिळाली. पाठवणारी कंपनी होती लॉडसिस. ती ना ॲप बनवत होती, ना फोन, ना दुसरे काही.

गंमत म्हणजे खरेदीचे ते बटण या डेव्हलपरनी शोधलेलेच नव्हते. ते ॲपलने तयार करून दिले होते. ॲपच्या आत डिजिटल सुविधा विकायची असेल तर तेच वापरा, असा ॲपलचा नियम होता आणि प्रत्येक विक्रीतून ३० टक्के वाटाही ॲपल घेत होती. म्हणजे बटण ॲपलचे, नियम ॲपलचा, कमिशन ॲपलचे आणि नोटीस मात्र घरातल्या टेबलावर बसून कोड लिहिणाऱ्याला.

‘ट्रोल’ हा शब्द आला कुठून?

पेटंट हा सरकार आणि संशोधक यांच्यातला एक सौदा असतो. संशोधकाने आपला शोध कसा चालतो ते जगापुढे उघड करायचे. त्या बदल्यात साधारण २० वर्षे तो शोध इतर कुणी विनापरवानगी वापरू नये, असा हक्क त्याला मिळतो. पण हा हक्क घर किंवा जमिनीसारखा विकता येतो. कंपनी बुडाली, संशोधकाला पैशांची गरज पडली, की पेटंट दुसऱ्याच्या हाती जाते. काही कंपन्यांचा धंदाच असा असतो, की जुनी पेटंट विकत घ्यायची आणि कोण कोण त्यांच्या कक्षेत बसवता येईल ते शोधून नोटिसा पाठवायच्या. मराठीत याला चपखल शब्द आहे, आयत्या बिळावर नागोबा.

‘पेटंट ट्रोल’ हा शब्द रूढ केला तो इंटेलचे वकील पीटर डेटकिन यांनी, २००१ च्या सुमारास. इंटेलवर दावा लावणाऱ्या एका कंपनीला त्यांनी आधी ‘खंडणीखोर’ या अर्थाचा शब्द वापरला, तर त्यावरूनच बदनामीचा दावा दाखल झाला. मग त्यांनी दुसरा शब्द शोधला. युरोपातल्या लोककथांमध्ये पुलाखाली राहणारा आणि वरून जाणाऱ्यांची वाट अडवणारा राक्षस असतो, तो ट्रोल. पुढे हेच डेटकिन ‘इंटलेक्चुअल व्हेंचर्स’ या हजारो पेटंट बाळगणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि लोक त्याच कंपनीला ट्रोल म्हणू लागले. लॉडसिसकडे आलेली पेटंटही एकेकाळी याच कंपनीच्या ताब्यात होती.

अर्थात, स्वतः उत्पादन न करणारा प्रत्येक पेटंटधारक ट्रोल नसतो. विद्यापीठे उत्पादन करत नाहीत, एकटा संशोधकही कारखाना काढू शकत नाही आणि दोघांनाही आपल्या शोधाचे पैसे मागण्याचा हक्क आहे. फरक ओळखायची एक ढोबळ खूण आहे. पेटंट खरोखर मजबूत आहे का, हे न्यायालयात तपासले जावे असे पेटंटधारकाला वाटते, की ते तपासले जाण्याआधीच पैसे घेऊन मोकळे व्हावे असे वाटते?

लॉडसिसकडे नेमके होते काय?

पेटंट क्रमांक ७२२२०७८. संशोधक डॅन अबेलो यांनी त्यामागचा पहिला अर्ज केला तो १९९२ मध्ये. कल्पना अशी, की फॅक्स मशीनसारख्या वस्तूत एक छोटी यंत्रणा बसवायची. ती वापरणाऱ्याला प्रश्न विचारेल, त्याची मते गोळा करेल आणि नेटवर्कवरून कंपनीकडे पाठवेल, म्हणजे कंपनीला माल सुधारता येईल. १९९२ साठी कल्पना वाईट नव्हती. पण तेव्हा आयफोन तर सोडाच, सामान्य लोकांपर्यंत वेब पोहोचवणारा मोझॅक ब्राउझरही आलेला नव्हता. ॲपलने ॲपमधील खरेदीची सोय आणली २००९ मध्ये.

मग फॅक्सच्या फीडबॅकवरून कॅल्क्युलेटरच्या ‘अपग्रेड’ बटणापर्यंत उडी कशी मारता येते? इथेच सॉफ्टवेअर पेटंटची मेख आहे. पेटंटमध्ये चित्रे आणि वर्णन काहीही असो, कायद्याने हक्क ठरतो तो शेवटी लिहिलेल्या ‘क्लेम’ म्हणजे दाव्यांच्या वाक्यांवरून. ही वाक्ये शक्य तितकी मोघम लिहिली जातात. ‘वस्तूचा एक नग’, ‘वापरणाऱ्याशी संवाद साधणारा इंटरफेस’, ‘माहिती साठवणारी मेमरी’, ‘ती मध्यवर्ती ठिकाणी पाठवणे’ अशा धाटणीची. मग ‘नग’ म्हणजे ॲप, ‘इंटरफेस’ म्हणजे खरेदीचे बटण आणि ‘मध्यवर्ती ठिकाण’ म्हणजे सर्व्हर, असा अर्थ लावायला वकील मोकळा. औषधाच्या पेटंटमध्ये रेणूची रचना द्यावी लागते, तिथे असे ताणायला फारशी जागा नसते. सॉफ्टवेअरमध्ये मात्र कुंपणच धुक्यात घातलेले असते.

आणखी एक गोष्ट अनेक डेव्हलपरना धक्का देते. ‘मी कुणाची नक्कल केली नाही, हे पेटंट कधी पाहिलेही नाही’ हा बचाव चालत नाही. कॉपीराइटमध्ये नक्कल झाली हे दाखवावे लागते. पेटंटमध्ये तुम्ही स्वतःच्या डोक्याने तीच गोष्ट बनवली असेल तरी उल्लंघन ठरते. उलट पेटंट माहीत असूनही वापरले असे सिद्ध झाले, तर अमेरिकी न्यायालय भरपाई तिपटीपर्यंत वाढवू शकते. त्यामुळे तिथल्या अनेक कंपन्या आपल्या इंजिनीअरना इतरांची पेटंट वाचूच नका असे बजावतात. शोध उघड व्हावा, लोकांनी तो वाचून शिकावे म्हणून तयार झालेली ही व्यवस्था, आणि सल्ला मिळतो न वाचण्याचा!

मागणी इतकी छोटी, मग प्रश्न काय?

लॉडसिसने मागितले होते अमेरिकेतील उत्पन्नाच्या ०.५७५ टक्के. कंपनीनेच उदाहरण दिले होते, की वर्षाला १० लाख डॉलर कमावणाऱ्या ॲपला फक्त ५,७५० डॉलर द्यावे लागतील. आकडा वाचून वाटते, देऊन टाकावेत की.

ट्रोलचा हिशेब नेमका याच वाटण्यावर चालतो. अमेरिकेत साधारणपणे प्रत्येक पक्षाने आपापल्या वकिलाची फी सोसायची असते, जिंकलात तरी. पेटंटचा खटला लढायचा तर तंत्रज्ञान समजणारे वकील, तज्ज्ञ साक्षीदार, हजारो ईमेल आणि कागदपत्रे समोरच्याला देण्याची प्रक्रिया, असा खर्च लाखो डॉलरमध्ये जातो. तिकडे ट्रोलचा खर्च तुलनेने किरकोळ. एकच मजकूर, फक्त नावे बदलून, डझनभर कंपन्यांवर दावे लावता येतात. दोन उत्पादक कंपन्या भांडतात तेव्हा ‘तू माझ्यावर खटला भरलास तर मी माझ्या पेटंटवरून तुझ्यावर भरीन’ असा धाक असतो. ट्रोल काही बनवतच नाही, त्यामुळे त्याच्यावर उलटा दावा लावायला काही सापडत नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१६ मध्ये या धंद्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. खटले भरून परवाने वसूल करणाऱ्या कंपन्यांच्या ७७ टक्के तडजोडी तीन लाख डॉलरच्या आतल्या निघाल्या. खटल्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातला बचाव करायलाच कमीत कमी साधारण तेवढा खर्च येतो, असे निरीक्षण आयोगाने नोंदवले. म्हणजे तडजोडीची रक्कम पेटंटच्या किमतीवरून नव्हे, तर समोरच्याच्या वकिलाच्या बिलावरून ठरत होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, या म्हणीवर उभा असलेला हा व्यवसाय आहे.

ॲपल मध्ये पडली, तरीही खटले का झाले?

नोटिसांवरून गदारोळ झाल्यावर २३ मे २०११ रोजी ॲपलचे मुख्य विधी अधिकारी ब्रूस सेवेल यांनी लॉडसिसला पत्र लिहिले. ॲपलकडे या पेटंटचा परवाना आधीपासून आहे आणि आमची साधने वापरणारे डेव्हलपरही त्यात येतात, नोटिसा मागे घ्या, असा त्याचा आशय. डेव्हलपरनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो आठवडाभरच टिकला.

३१ मे रोजी लॉडसिसने सात डेव्हलपरवर थेट खटला भरला. त्यात काही जण एकट्याने ॲप बनवणारे होते. एक कंपनी स्वीडनची होती, एक व्हिएतनामची. खटला मात्र टेक्सासमध्ये. त्याच दिवशी लॉडसिसने जाहीर केले, की परवान्याबाबत आमचे म्हणणे चुकीचे ठरले तर नोटीस मिळालेल्या प्रत्येकाला आम्ही एक हजार डॉलर देऊ. ज्यांना वकिलासाठी लाखो डॉलर मोजावे लागणार होते, त्यांना हे आश्वासन. जुलैत ‘अँग्री बर्ड्‌स’ची रोव्हिओ आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स यांसारखी मोठी नावेही प्रतिवादींच्या यादीत आली.

आम्हालाही या खटल्यात पक्षकार करा, असा अर्ज ॲपलने केला. तो मंजूर व्हायला एप्रिल २०१२ उजाडला. दरम्यान एकेक प्रतिवादी तडजोड करून बाहेर पडत होता. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यायाधीश रॉडनी गिलस्ट्रॅप यांनी सांगितले, की खटल्यातील सगळ्याच डेव्हलपरनी तडजोड केली असल्याने आता ठरवण्यासारखे काही उरले नाही. ॲपलचा परवाना डेव्हलपरना लागू होतो की नाही, या मूळ प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने कधी दिलेच नाही. हजार डॉलर देण्याची वेळ अर्थातच आली नाही.

आणखी एक बाब. १९९२ पासून मोजलेली या पेटंटची मुदत २०१२ मध्येच संपली होती. तरी २०१३ मध्येही लॉडसिस नवे दावे दाखल करत होती. अमेरिकी कायद्यानुसार पेटंट जिवंत असतानाच्या उल्लंघनाची भरपाई मागे सहा वर्षांपर्यंत मागता येते. मेलेल्या पेटंटवरही वसुली चालू राहते ती अशी.

जे शेवटपर्यंत उभे राहिले त्यांचे काय झाले? अँटिव्हायरस बनवणाऱ्या कॅस्परस्की कंपनीने तडजोडीला नकार दिला. २०१३ मध्ये ज्युरीपुढे सुनावणी सुरू होण्याच्या तोंडावर लॉडसिसने स्वतःहून दावा मागे घेतला, पुन्हा न भरण्याच्या अटीवर. कॅस्परस्कीने एक पैसाही दिला नाही. वकिलांवर झालेला खर्च मात्र तिचा तिलाच सोसावा लागला.

टेक्सासमधले छोटे गावच का?

लॉडसिसचा खटला ज्या मार्शल गावात चालला, त्याची लोकसंख्या जेमतेम २३-२४ हजार. पण पूर्व टेक्सासच्या या फेडरल जिल्हा न्यायालयाची ख्याती पेटंटधारकांमध्ये मोठी होती. तारखा झटपट लागत, दावा सुरुवातीलाच फेटाळला जाण्याची शक्यता कमी आणि ज्युरी पेटंटधारकाच्या बाजूने झुकणारी. गावात अनेक ‘कंपन्यां’ची कार्यालये उगवली. पत्रकार जाऊन पाहतात तो कॉरिडॉरभर बंद दारे, पाट्या लावलेल्या आणि आत कुणी नाही. इथे वारंवार खटल्यात ओढल्या जाणाऱ्या सॅमसंगने न्यायालयासमोरच्या चौकात बर्फावर स्केटिंग करायचा रिंगण प्रायोजित केला होता. गावातल्या लोकांमधूनच ज्युरी निवडली जाते, हे इथे वेगळे सांगायला नको.

२०१५ मध्ये अमेरिकेत दाखल झालेल्या सगळ्या पेटंट खटल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक या एका जिल्ह्यात होते. मे २०१७ मध्ये ‘टीसी हार्टलँड’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर कुठेही खटला भरण्याची ही मोकळीक कापली. आता कंपनीची नोंदणी जिथे आहे तिथे, किंवा तिचा कायमचा व्यवसाय असून उल्लंघनही जिथे झाले आहे तिथेच दावा लावता येतो. २०१९ मध्ये ॲपलने या जिल्ह्यातली आपली दोन्ही दुकाने, प्लेनो आणि फ्रिस्को येथील, बंद केली. पेटंट खटल्यांचा उल्लेख कंपनीने केला नाही, पण अर्थ सगळ्यांनी तोच काढला. गर्दी मग शेजारच्या पश्चिम टेक्सासमधल्या वेको शहराकडे वळली. तिथे एकाच न्यायाधीशांकडे देशातल्या पेटंट खटल्यांचा इतका मोठा वाटा गोळा झाला, की जुलै २०२२ मध्ये नवी प्रकरणे १२ न्यायाधीशांमध्ये वाटण्याचा आदेश काढावा लागला.

कायदा बदलला, तरी ट्रोल संपले का?

तीन बदलांनी फरक पडला. २०११ च्या ‘अमेरिका इन्व्हेंट्‌स’ कायद्याने न्यायालयाबाहेर, पेटंट कार्यालयातच पेटंटला आव्हान देण्याचा तुलनेने स्वस्त मार्ग खुला केला. पॉडकास्टिंग आपलेच असल्याचा दावा करणाऱ्या ‘पर्सनल ऑडिओ’ कंपनीच्या पेटंटमधील दावे याच मार्गाने २०१५ मध्ये रद्द झाले. ते आव्हान देण्यासाठी ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन’ने लोकांकडून वर्गणी गोळा केली होती. दुसरा आणि मोठा घाव जून २०१४ चा. ‘ॲलिस विरुद्ध सीएलएस बँक’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एखादी अमूर्त कल्पना नुसती ‘संगणकावर करा’ एवढी भर घालून पेटंटयोग्य होत नाही. त्यानंतर मोघम सॉफ्टवेअर पेटंट धडाधड पडू लागली. त्याच वर्षी ‘ऑक्टेन फिटनेस’ निकालाने फालतू दावा लावणाऱ्याकडून वकील फी वसूल करणेही थोडे सोपे झाले. तिसरा, वर सांगितलेला टीसी हार्टलँड.

राज्यांनीही हालचाल केली. ‘एमपीएचजे’ नावाची कंपनी स्कॅन केलेला कागद ईमेल करणाऱ्या हजारो छोट्या व्यावसायिकांना पत्रे पाठवून प्रत्येक कर्मचाऱ्यामागे सुमारे हजार डॉलर मागत होती. व्हरमाँट राज्याने २०१३ मध्ये तिच्यावर खटला भरला आणि खोट्या पेटंट धमक्यांविरोधात देशातला पहिला राज्यस्तरीय कायदाही केला.

तरी ऑगस्ट २०१९ मध्ये एका ट्रोलने थेट मोफत सॉफ्टवेअरवर हात घातला. लिनक्स वापरणाऱ्यांना परिचित असलेल्या ग्नोम फाउंडेशनवर ‘रॉथ्सचाइल्ड पेटंट इमेजिंग’ने दावा लावला. कारण, ग्नोमचा ‘शॉटवेल’ हा फोटो सांभाळणारा प्रोग्राम. ज्याची किंमत शून्य, त्यावर रॉयल्टी कशी काढायची हा प्रश्न वादीला पडला नाही. पाच आकडी रक्कम देऊन मिटवा, असा प्रस्ताव आला. ही रक्कम खटल्याच्या खर्चापेक्षा नक्कीच कमी होती. पण आज आपण दिले तर उद्या हेच पत्र दुसऱ्या एखाद्या स्वयंसेवी प्रकल्पाला जाईल, असे म्हणत ग्नोमने नकार दिला. हजारो लोकांनी मिळून सव्वा लाख डॉलरहून अधिक निधी जमवला, एका मोठ्या लॉ फर्मने विनामूल्य वकीलपत्र घेतले आणि ग्नोमने उलट दावाही ठोकला.

मे २०२० मध्ये वादीने माघार घेतली. केवळ ग्नोमच नव्हे, तर मान्यताप्राप्त ओपन सोर्स परवान्याखालील कोणत्याही सॉफ्टवेअरवर आपली पेटंट वापरून खटला भरणार नाही, असे लिहून दिले. पुढे एका ओपन सोर्स वकिलाने पेटंट कार्यालयात फेरतपासणीचा अर्ज केला आणि २०२२ मध्ये या पेटंटमधील सगळे दावे रद्द झाले. म्हणजे ज्याच्या जोरावर पाच आकडी रक्कम मागितली गेली, ते पेटंट मुळात द्यायलाच नको होते.

भारतात अशी वेळ येऊ शकते का?

तुलनेने कमी. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार गणिती वा व्यावसायिक पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना पेटंट मिळत नाही. २००४ च्या अखेरीस केंद्राने वटहुकूम काढून हे दार किलकिले केले होते, पण २००५ मध्ये संसदेने कायदा करताना ती दुरुस्ती गाळली. तांत्रिक परिणाम दाखवता आला तर सॉफ्टवेअरशी संबंधित शोधाला पेटंट मिळू शकते, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे दार पूर्ण बंद आहे असेही नाही. मात्र पेटंट मिळण्याआधीच कुणालाही हरकत घेता येते. शिवाय कलम १०६ आहे. निराधार धमकीची नोटीस आली, तर ती मिळालेला माणूसच न्यायालयात जाऊन धमकी थांबवण्याचा आदेश आणि नुकसानभरपाई मागू शकतो.

भारतातही एक प्रकरण गाजले होते. २००९ मध्ये मदुराईच्या एका पेटंटधारकाने दोन सिमकार्डच्या मोबाइलवर हक्क सांगितला आणि कस्टम्सच्या नियमांचा आधार घेऊन असे हँडसेट बंदरावरच अडवायला लावले. २०१२ मध्ये बौद्धिक संपदा अपिलीय मंडळाने ते पेटंट रद्द केले. कस्टम्सच्या त्या नियमांतून पेटंट वगळायला मात्र २०१८ उजाडले.

पण पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून ॲप बनवणाऱ्याला कलम ३(के) पूर्ण संरक्षण देत नाही. पेटंट देशापुरते असते हे खरे, पण कोड कुठे लिहिला यापेक्षा माल कुठे विकला हे तिथे महत्त्वाचे. ॲप स्टोअरवर ‘सर्व देश’ या पर्यायावर टिक केली, की अमेरिकेतली विक्री अमेरिकी पेटंटच्या कक्षेत येते. लॉडसिसच्या यादीतली व्हिएतनामी कंपनी याच वाटेने टेक्सासच्या न्यायालयात पोहोचली होती.

असे पत्र आलेच तर?

पत्र आले म्हणजे खटला झाला असे नाही, पण ते केराच्या टोपलीत टाकणेही धोक्याचे. ‘नोटीस मिळूनही दुर्लक्ष केले’ हाच मुद्दा पुढे तिप्पट भरपाईसाठी वापरला जातो. रागाच्या भरात स्वतःच उत्तर लिहिण्याआधी पेटंटच्या खटल्यांचा अनुभव असलेला वकील गाठावा आणि सोशल मीडियावरची पोस्टही त्याला विचारूनच टाकावी. पेटंटचा क्रमांक गुगल पेटंट्सवर टाकला, तर त्याचा सध्याचा मालक, मूळ अर्जाची तारीख आणि अंदाजे मुदत मोफत कळते. हेच पत्र आणखी कुणाला आले आहे का, हे डेव्हलपरच्या गटांमध्ये विचारता येते. अनेक जण असतील तर वकिलाचा खर्च वाटून घेता येतो. वादातली सोय ॲपल, गुगल किंवा दुसऱ्या कंपनीच्या तयार साधनातून आली असेल, तर त्या कंपनीला लगेच लेखी कळवावे, कारण परवाना कदाचित तिच्याकडे आधीच असतो. आणि अमेरिकेतून महिन्याला जेमतेम काही डॉलर येत असतील, तर तिथली विक्री काही काळ बंद ठेवणे हा पर्यायही वकिलाशी बोलून पाहता येतो. लॉडसिसच्या नोटिसांनंतर काही युरोपीय डेव्हलपरनी हाच मार्ग धरला आणि आपली ॲप अमेरिकेच्या स्टोअरमधून काढून घेतली.